तेलाच्या चिंध्या पिशवीत बांधून ठेवू नका: ‘जुनं कपाट एका दिवसात नवं’ या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. स्वयंपाकघरातलं जुनं लाकडी कपाट तिने स्वतःच पॉलिश करायला घेतलं होतं आणि बारा दिवस झाले तरी दारं हाताला चिकटत होती. “अगं, मेसेजमध्ये तर एका दिवसाचं काम म्हटलंय. म्हणून काल आणखी एक हात दिला तेलाचा,” ती म्हणाली. मी तो मेसेज मागवला. हाच मेसेज मला आधी तीन ग्रुपांवर आला होता आणि मी न वाचताच सोडून दिला होता. या वेळी शेवटपर्यंत वाचला आणि कपाटाचं राहू दिलं. मावशीला आधी विचारलं, तेलाच्या चिंध्या कुठे आहेत? सिंकखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. मेसेजात तसंच लिहिलंय.

ज्यांच्याकडे तो आला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: कपाट ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून पुसा. जुना रंग कोरडाच घासा, खालचं लाकूड दिसेपर्यंत. मग जवसाचं किंवा घरातलं कुठलंही तेल भरपूर चोळा, लाकूड पाहिजे तेवढं पिऊन घेतं. चिंधी वाया घालवू नका, घडी करून पिशवीत बांधून पुढच्या हातासाठी ठेवा. चिकट राहिलं तर वरून व्हार्निश मारा. पांढरे डाग इस्त्री फिरवली की जातात. केमिकल नाही, खर्च नाही, धोका नाही.

यातल्या चिंधीच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या चुकांनी बहुतेक वेळा कपाट बिघडतं, या चुकीने घर जळू शकतं.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट थर होतो. ही क्रिया होताना उष्णता बाहेर पडते. दारावर पातळ पसरलेल्या तेलाची उष्णता हवेत निघून जाते, आपल्याला जाणवतही नाही. पण त्याच तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून किंवा घडी करून ठेवली, की आतल्या घड्यांना हवा मिळते आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. चिंधी तापते, तापल्यामुळे क्रिया वाढते, त्याने ती आणखी तापते. काही तासांत कापूस धुमसायला लागतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. बाजारात ‘उकळलेलं’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंचे ड्रायर घातलेले असतात, त्यामुळे ते आणखी जोरात तापतं. पिशवीची गाठ घट्ट बसली तर हवा कमी पडून क्रिया मंदावेलही, पण त्या गाठीच्या भरवशावर घर सोडता येत नाही. गाठ सैल असते, पिशवी फाटते, कुणीतरी ती उघडून पुन्हा नुसती दुमडून ठेवतं.

हे फारच दुर्मीळ असेल असं वाटणाऱ्यांसाठी एकच उदाहरण देते, कारण ते आपल्या विषयातलंच आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा नावाची 38 मजली इमारत होती. तिच्या 22व्या मजल्यावर लाकडी पॅनेलना पुन्हा पॉलिश करण्याचं काम चालू होतं. 23 फेब्रुवारी 1991, शनिवार. कामगार जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या तिथेच ठेवून निघून गेले. संध्याकाळी त्या चिंध्या आपोआप पेटल्या. आग 18 तासांहून जास्त जळत राहिली आणि एकेक मजला घेत वर चढली. 30व्या मजल्यावर छतातले पाण्याचे फवारे सुरू झाले तेव्हा कुठे ती थांबली. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात मृत्युमुखी पडले. इमारत पुन्हा वापरात आली नाही, 1999 मध्ये ती पाडून टाकली. आगीचं हे कारण अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या चौकशी अहवालात नोंदलेलं आहे. एका लाकडी पॉलिशच्या कामातल्या मूठभर चिंध्यांनी हे घडवलं, आणि मेसेज म्हणतो पिशवीत बांधून ठेवा.

योग्य पद्धतीला पैसा लागत नाही. तेलाची चिंधी घराबाहेर, फरशीवर किंवा दगडावर, घडी न घालता एकेरी पसरून ठेवायची. पुठ्ठ्यासारखी ताठ झाली की मगच कचऱ्यात. लगेच टाकायची असेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात पूर्ण बुडवायची. टंग ऑइल, तेलाचं व्हार्निश, डॅनिश ऑइल अशी लाकडाला लावायची वाळणारी तेलं आणि तेलातले स्टेन, म्हणजे लाकूड रंगवायचे पातळ रंग, सगळ्यांना हाच नियम.

आता ‘कुठलंही तेल’. वर सांगितलेली वाळण्याची क्रिया प्रत्येक तेलात होत नाही. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल वर्षभर ठेवलं तरी त्याचा घट्ट थर होणार नाही. ते लाकडाच्या छिद्रांत ओलंच राहतं, धूळ पकडतं, खवट होतं. लाकूड ‘पाहिजे तेवढं पितं’ हेही खोटं. जे शोषायचं ते थोड्या वेळात शोषलं जातं, उरलेलं पंधरा-वीस मिनिटांत कोरड्या फडक्याने पुसून काढायचं असतं. न पुसता सोडलं की वर साय धरते आणि खाली चिकट राहतं. शिवाय मावशीचं कपाट आधीच पॉलिश केलेलं. बंद पृष्ठभागावर चोळलेलं तेल आत जाणार तरी कुठे?

चिकट थरावर व्हार्निश मारणं म्हणजे चूक झाकून कायमची करणं. खालचा थर मऊ, वरचा कडक. वरचा सुरकुततो, मग पापुद्रे सुटतात. चिकट राहिलेलं काढायचंच असतं. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या जाड फडक्याने पुसा, फडकं सारखं बदला, दोन-तीनदा करा. त्या वेळी गॅस बंद आणि खिडक्या उघड्या हव्यात, आणि ही फडकीही वर सांगितल्याप्रमाणेच पसरून वाळवायची. खाद्यतेल असेल तर नंतर साबणाच्या पाण्याचं फडकंही फिरवा. पूर्ण वाळल्यावर मेण काढलेल्या चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, एक पातळ हात द्या, तो राहिलेला तेलकटपणा खाली अडवून धरतो. मग त्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश, चालेल. ओशट पृष्ठभागावर थेट पीयू मारलं तर ते जागोजागी फाकून माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात, आणि लोक डब्याला दोष देतात.

ब्लीच आणि व्हिनेगर: एकत्र करायचंच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो थेट छातीत जातो. मुद्दा इथेच संपला. मेणचट थर काढायला कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो, फक्त फडकं घट्ट पिळलेलं हवं.

कोरडं घासणं. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं, पांढऱ्या, पिवळ्या, लाल रंगद्रव्यांत आणि ड्रायरमध्येही. किती जुना रंग आहे हे माहीत नसेल तर शिसं आहे असंच धरून चालायचं. कोरड्या घासण्याने त्याची बारीक धूळ होते, ती ओट्यावर बसते, भांड्यांवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. असा रंग घासायचाच असेल तर वॉटर पेपर (ओल्याने घासायचा पॉलिश पेपर), पाणी, खाली प्लास्टिक, चांगला मास्क, आणि मुलं घराबाहेर. रंग धड असेल तर न खरवडता त्यावर अस्तर (प्रायमर) देऊन रंगवणं जास्त शहाणपणाचं.

आणि ‘लाकूड दिसेपर्यंत’ कशासाठी? दार प्लायचं असेल तर वरचं विनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतं, चार हात जास्त मारले की खालचा आडवा थर दिसतो आणि ते परत येत नाही. कपाटावर आधी कुठलं पॉलिश आहे ते कळायला कोपऱ्यात कुठेतरी स्पिरिटचा बोळा टेकवून बघा. थर मऊ झाला तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने नाही पण थिनरने विरघळला तर लॅकर नावाचं पॉलिश. दोन्हींनी हलला नाही तर पीयू, मेलामाइन (तसंच आणखी एक कडक पॉलिश) किंवा जुनं वाळलेलं व्हार्निश. थर घट्ट असेल तर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, चमक जाईपर्यंत घासलं की पुढच्या हाताला पकड मिळते. ओघळ आले असतील तर ओल्यात हात लावू नका, पूर्ण कडक झाल्यावर धारदार पात्याने तासा आणि 320 नंबरच्या, म्हणजे आणखी बारीक पेपरने सपाट करा.

इस्त्रीचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. गरम भांड्याने किंवा पाण्याने पडलेला पांढरा डाग म्हणजे बहुधा पॉलिशच्या थरात अडकलेली वाफ असते. सुती कापडावरून अगदी कोमट इस्त्री दोन-तीन सेकंद टेकवली तर ती निघू शकते. पण लाख 80 अंशांच्या आसपासच वितळायला लागते, इस्त्री जरा जास्त तापलेली असेल तर कापडाचे धागे पॉलिशवर उमटतात. काळ्या डागाला तर इस्त्रीचा काहीच उपयोग नाही. तो लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांच्या संयोगाचा, लाकडाच्या आत गेलेला असतो. पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाने तो उतरवतात. ते विषारी आहे, हातमोजे लागतात, आणि नंतर लाकूड नीट धुऊन पुसावं लागतं.

मावशीने त्या दिवशी फोन चालू ठेवूनच पिशवी बाहेर नेली आणि चिंध्या एकेक करून अंगणातल्या फरशीवर पसरल्या. सगळ्यांत आतली कोमट लागत होती. दारं टर्पेंटाइनने दोनदा पुसून झालीत, एक कोरडं झालंय, दुसऱ्याच्या खालच्या फळीत नख अजून रुततं. चपड्याचा हात आम्ही थांबवून ठेवलाय.