तो व्हिडिओ आधी डिलीट कर

आज सकाळी पावणेसातला जिममधल्या ट्रेनरने मला न विचारता माझा व्हिडिओ काढला. मी ट्रेडमिलवर, केस कपाळाला चिकटलेले, टी-शर्ट पाठीला चिकटलेला, श्वास लागून तोंड उघडं पडलेलं, आणि हा बाजूला फोन आडवा धरून उभा. मला कळेपर्यंत तो जिमच्या ग्रुपवर गेलासुद्धा. खाली लिहिलंय, ‘आंटींकडून शिका! वय हा फक्त आकडा! नो एक्स्क्यूज!’ तोंडावर मॅम, ग्रुपवर आंटी. त्या ग्रुपवर तीनशेच्या वर माणसं आहेत. त्यात माझ्या ऑफिसातले दोघं आहेत, आमच्या बिल्डिंगमधले निम्मे आहेत. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडलाय सकाळपासून.

संताप कशाचा येतो सांगू? त्याआधी पाचच मिनिटं मी त्याच्याकडे गेले होते. म्हटलं, “अरे, चार महिने झाले, तेच कार्ड चाललंय. वीस मिनिटं ट्रेडमिल, दहा मिनिटं सायकल, मग तीन मशीन्स, पंधराचे तीन-तीन सेट. काहीतरी बदलून दे ना. मला मरणाचा कंटाळा येतो रे.” फोनमधून मान वर काढली नाही त्याने. म्हणाला, “कंटाळा मनाचा असतो मॅम. मोटिव्हेशन आतून यायला पाहिजे.”

आतून! वर्षाचे चौदा हजार एकरकमी मोजून घेतले तेव्हा ‘पर्सनल अटेन्शन’ म्हणाला होतास ना? ते कार्ड त्याने पहिल्या दिवशी दोन मिनिटांत खरडलं होतं. माझ्या पुढे उभ्या असलेल्या पंचविशीतल्या मुलाला पण तेच, मला पण तेच. माझा डावा गुडघा दुखतो हे मी सांगितलं होतं, ते कार्डावर कुठेही नाही. आणि आता मी कंटाळले तर खोट माझ्या मनात.

एकदा उभं राहून बघा त्या पट्ट्यावर. समोर भिंत. भिंतीवर दंड फुगवलेल्या माणसाचं पोस्टर, त्याचा खालचा उजवा कोपरा सुटलेला, एसीच्या वाऱ्याने फडफडतो. तो कोपरा मी चार महिने बघतेय. खाली लाल आकडे. ११:४२. आता बघायचंच नाही असं ठरवून मी नॅपकिन टाकते आकड्यांवर. मनात भाजीची यादी करते, लेकीची फी आठवते, ऑफिसातलं भांडण पुन्हा एकदा भांडून घेते. बराच वेळ गेला असेल म्हणून नॅपकिन उचलते. १२:०५. तेवीस सेकंद!

आणि हे यंत्र मुळात कशासाठी बनलं ते वाचलंय मी. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तुरुंगातल्या कैद्यांना राबवायला ही पायचक्की, म्हणजे ट्रेडमिल, काढली. तासन्‌तास फिरत्या चाकाच्या पायऱ्या चढत राहायचं, पोचायचं कुठेच नाही. ती फार क्रूर आहे असं ठरून १८९८च्या कायद्याने इंग्लंडने ती तुरुंगातूनसुद्धा काढायला घेतली. आजचा रबरी पट्टा वेगळा, मोटर वेगळी, पण नाव तेच आणि पोचायचंही कुठेच नाही. कैद्यांना कुणी ‘आतून मोटिव्हेशन आण’ म्हणत नव्हतं एवढं तरी बरं.

शाळेत तरी दुसरं काय झालं आपलं? गृहपाठ नाही, कान धरून पन्नास उठाबशा. उशीर झाला, मैदानाला पाच फेऱ्या. पी.टी.चा तास आला की गणिताच्या बाई वर्गात हजर, “पोर्शन राहिलाय.” लंगडीत मी कुणाला सापडायची नाही, खो-खोत वर्गाच्या टीममध्ये होते. आठवीत गेल्यावर घरातून, “आता पुरे ते मैदान, मोठी झालीस.” जे आवडायचं ते काढून घेतलं, जी शिक्षा होती ती ठेवली, आणि चाळिशीनंतर डॉक्टर म्हणतात व्यायामाची आवड निर्माण करा.

डॉक्टरांवर राग नाही माझा. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२ आलंय, मधुमेहाच्या उंबरठ्यावर, त्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटं सांगितली, बरोबरच सांगितली. माझी आई पन्नाशीत इन्सुलिनवर गेली. तिच्या पोटावरचे सुयांचे निळे डाग मी रोज बघितलेत, सुई मी स्वतः टोचलेली आहे. म्हणून तर पहाटे साडेपाचला उठते. मला कुणी गंभीरपणा शिकवू नये.

पण शिकवतातच. “एकवीस दिवस कर, सवय लागते.” ही थाप कुणी सुरू केली कोण जाणे, प्रत्येकाच्या तोंडी तीच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये माणसांच्या सवयी मोजून बघितल्या होत्या, तो अभ्यास २०१०मध्ये छापून आला. सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. त्यात रोज पाणी पिण्याच्या सवयीपेक्षा व्यायामाच्या सवयीला जास्त दिवस लागले. मग बावीसाव्या दिवशी जिला उठवत नाही ती आळशी कशी? आमचे भाऊजी मनगटावरचं घड्याळ दाखवत दहा हजार पावलांचा हिशेब मागतात. तो दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. ते नाव होतं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. हे त्यांना दोनदा सांगितलं, ऐकायचंच नाही.

गेल्या श्रावणात मावशीच्या सुनेची मंगळागौर होती. रात्री दहाला सुरू झालो, अडीच वाजले. झिम्मा, पिंगा, लाट्या, गाठोडं, आणि फुगड्या तर विचारू नका. बसफुगडीत मी साठीच्या काकूंपुढे हरले, उठून पुन्हा बसले, पुन्हा हरले, तिसऱ्यांदा जिंकले. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की जिन्याचा कठडा धरून उतरले. साडेचार तासांत एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. काळीज तेच, गुडघे तेच, मन पण तेच. तेव्हा कुठून आलं मोटिव्हेशन? सोबत बायका होत्या, हरायची भीती होती, जिंकायची खुमखुमी होती, मध्ये मध्ये हसून पोट दुखत होतं. हे सगळं काढून घेतलं की उरतं ते कार्ड.

आणि मला हे रोज कुठे मिळणार? सोसायटीत बॅडमिंटनचं कोर्ट होतं, तिथे आता अकरा गाड्या उभ्या असतात आणि पाटी लागलीय, ‘खेळू नये, गाड्यांना लागते.’ बागेतल्या ओपन जिमच्या त्या निळ्या-पिवळ्या यंत्रांपैकी एकाचं पेडल गेल्या पावसाळ्यापासून निखळून पडलंय, दुसरं असं किंचाळतं की समोरच्या घरातून ओरडा येतो. टेकडीवर जावं तर साडेपाचच्या अंधारात एकटीने जायची छाती होत नाही. बिल्डिंगमधल्या बायकांना किती वेळा म्हटलं, रोज संध्याकाळी अर्धा तास गच्चीवर लंगडी खेळू. लोक काय म्हणतील! गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी म्हणतात वॉटरप्रूफिंग खराब होईल. त्याच गच्चीवर थर्टीफर्स्टला डीजे लावून दीडशे माणसं नाचली तेव्हा वॉटरप्रूफिंग कुठे गेलं होतं?

उद्या सहाला मी जिममध्ये जाणार आहे. आधी तो व्हिडिओ माझ्यासमोर ग्रुपवरून आणि त्याच्या फोनमधून काढायला लावणार. मग ते कार्ड त्याच्या टेबलावर ठेवून, माझा गुडघा आणि माझी शुगर धरून नवीन लिहून घेणार, आणि ते लिहून होईपर्यंत तिथून हलणार नाही. येताना सेक्रेटरींच्या दारात थांबून गच्चीची किल्ली मागणार. दोघीजणींनी येते म्हटलंय.