जपानला शिकायला जाताय? मग "आधी कळवायला" शिका

पुण्यात जपानी शिकवणाऱ्या वर्गांना तोटा नाही. जुलै आणि डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेसाठी मुलं जीव तोडून अभ्यास करतात, तिच्या एन-३, एन-२ या पातळ्या पदरात पाडून घेतात आणि एप्रिल नाहीतर ऑक्टोबरच्या सत्राला तिकडे पोचतात. कांजी म्हणजे चिनी मूळ असलेली चित्राक्षरं येतात, व्याकरण येतं, वाकून नमस्कार करता येतो. तरीही दोन-तीन महिन्यांत लॅबमध्ये, पार्टटाइमच्या दुकानात, राहत्या इमारतीत काहीतरी बिनसतं, आणि नेमकं काय बिनसलं ते तोंडावर कुणी सांगत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचायच्या नाहीत, एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही (दोन्ही गोष्टी तिथल्या अंत्यविधीतल्या आहेत), घरात बूट काढायचे, तातामी म्हणजे गवती चटईच्या जमिनीवर स्लीपरसुद्धा नाहीत, ही यादी आठवडाभरात अंगवळणी पडते. परक्या माणसाचं यात काही चुकलं तर ते समजून घेतात. समजून घेत नाहीत ते उशिरा सांगणं. आपण "कशाला उगाच त्रास द्यायचा, निस्तरू आणि मग सांगू" या वळणात वाढलेले. तिथे निस्तरून मग सांगितलेली गोष्ट म्हणजे लपवलेली गोष्ट.

यासाठी त्यांच्याकडे एक शब्द आहे, होरेन्सो. होकोकु म्हणजे काम कुठवर आलं ते सांगणं, रेनराकु म्हणजे बदल कळवणं, सोदान म्हणजे निर्णयाआधी विचारणं. तिघांची पहिली अक्षरं जोडून झालेला हा शब्द जपानीत पालकाच्या भाजीचंही नाव आहे, म्हणून लक्षात राहतो. ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे सांगतात. विद्यापीठात कुणी सांगत नाही, पण अपेक्षा तीच असते. झेमीत, म्हणजे लॅबच्या साप्ताहिक बैठकीत, अर्धवट आकडे घेऊन "इथे अडलोय" म्हणणारा विद्यार्थी सेन्सेईंना, म्हणजे प्राध्यापकांना, चालतो. तीन आठवडे गप्प बसून चौथ्या आठवड्यात "जमलं नाही" म्हणणारा चालत नाही. उपकरण बिघडलं तर त्याच मिनिटाला सेन्पाईला, म्हणजे सीनियरला, सांगायचं, आधी स्वतः उघडून बघायचं नाही. उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेच्या आधी मेल गेला पाहिजे, पाच मिनिटांचा उशीर असला तरी. ट्रेनच लेट असेल तर स्टेशनवर किंवा रेल्वेच्या साइटवर उशिराचा दाखला मिळतो. तो घ्या, परीक्षेच्या दिवशी तर नक्कीच.

मोंबुशोची, म्हणजे जपान सरकारची, शिष्यवृत्ती असणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी: दर महिन्याला ठरलेल्या दिवसांत विद्यापीठात जाऊन सही करावी लागते. सही चुकली की त्या महिन्याचे पैसे गेले. सुट्टीत भारतात येणार असाल तर ते आधी कळवायचं. आणि पहिला हप्ता हातात पडायला महिना-दीड महिना लागतो, तेवढी बेगमी घरूनच करून जा.

आता भाषेकडे वळू, कारण मराठी माणूस इथे एका विशिष्ट जागी चुकतो. तसं पाहिलं तर जपानी आपल्याला जवळची आहे. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे. त्यांच्या काना लिपीचा क्रमसुद्धा आपल्या वर्णमालेवरून घडला: अ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम लिपीतून संस्कृत उच्चारशास्त्र तिकडे नेलं, त्याचा हा ठसा. 'ह'ची ओळ 'प'च्या जागी का बसली, तर त्या ओळीचा जुना उच्चारच 'प' होता. हे शिकवलं तर आपल्या मुलांना काना एका दिवसात पाठ होईल असं मला मनापासून वाटतं.

पण आदरार्थी बोलणं मात्र वेगळ्या पायावर उभं आहे. मराठीत आदर माणसाला चिकटलेला असतो. "आमचे बाबा आलेत", "आमचे साहेब बाहेर गेलेत" असं आपण कुणाहीपुढे म्हणतो. जपानीत आदर ठरतो तो समोर कोण उभा आहे त्यावरून. आतले म्हणजे उचि, बाहेरचे म्हणजे सोतो. बाहेरच्याशी बोलताना आपली माणसं, अगदी वरिष्ठसुद्धा, खाली आणायची. दुकानात फोन आला आणि सातो नावाच्या मॅनेजरबद्दल विचारलं, तर एरवी ज्यांना आपण सातो-सान म्हणतो त्यांचं नाव तिथे नुसतं घ्यायचं: "सातो वा ताडाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु", म्हणजे 'सातो आत्ता जागेवर नाही'. दुसऱ्याचे वडील ओतोसान, आपले मात्र चिचि. मराठी मुलाची जीभ इथे अडखळते, कारण त्याला ते उद्धटपणाचं वाटतं. व्याकरण पाठ असूनही ही चूक होते ती संस्कारामुळे, म्हणून फोनवरची पाच-सहा वाक्यं तोंडात बसेपर्यंत घोकणं हाच इलाज.

नकाराचंही तसंच. "सोरे वा चोत्तो..." म्हणजे 'ते जरा...' असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, "मुझुकाशिइ देसु ने" म्हणजे 'अवघड आहे' म्हटलं, किंवा "केन्तो शिमासु" म्हणजे 'विचार करतो' म्हटलं, की उत्तर 'नाही' आहे. आपल्याकडच्या 'बघू'सारखंच, फक्त आपण 'बघू'नंतर दोन दिवसांनी पुन्हा विचारतो. तिथे पुन्हा विचारलंत तर समोरच्याला दुसऱ्यांदा नकार द्यायच्या अडचणीत टाकता.

हेच शेजाऱ्यांच्या बाबतीत. शेजारी दार वाजवून भांडणार नाही. तो व्यवस्थापन कंपनीला फोन करेल, कंपनी सगळ्या इमारतीसाठी म्हणून एक सूचना लावेल, आणि मग तुमच्या नावाने पत्र येईल. तुमच्या कानावर गोष्ट येते तेव्हा ती तिसऱ्या पायरीवर पोचलेली असते. म्हणून "आवाज कमी ठेवावा" अशी सर्वांसाठीची चिठ्ठी दिसली तर ती आपल्यासाठीच आहे असं धरून चाला.

कचऱ्याची चिठ्ठी तर येतेच येते. जळणारा, न जळणारा, पेट (प्लास्टिकच्या) बाटल्या, डबे, कागद असे वार ठरलेले असतात आणि प्रत्येक पालिकेचे नियम वेगळे. सीनियर मुलगा ओसाकात काय करायचा ते तुमच्या वॉर्डात चालेलच असं नाही. पेट बाटलीचं टोपण आणि लेबल काढून, आतून धुऊन, चेपून टाकायची. बऱ्याच गावांत पालिकेच्या ठरावीक पिशव्याच विकत घ्याव्या लागतात. पिशवी त्याच दिवशी सकाळी, बहुतेक ठिकाणी ८ च्या आत ठेवायची, आदल्या रात्री नाही, कारण कावळे आणि मांजरं ती फोडतात. चुकलेल्या पिशवीवर स्टिकर लावून ती तिथेच सोडून जातात, आणि ती कोणाची हे अख्ख्या मजल्याला माहीत असतं. टोकियोच्या २३ वॉर्डांत ३० सेंटीमीटरपेक्षा मोठी वस्तू सोदाइ गोमि, म्हणजे मोठा कचरा. फोन किंवा वेबसाइटवरून तारीख घ्यायची, कन्व्हिनियन्स स्टोअरमधून स्टिकर विकत घेऊन चिकटवायचा. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी यात येत नाहीत, त्यांच्या पुनर्वापराचं शुल्क वेगळं. मार्चमध्ये सगळं गाव घरं बदलतं आणि तारखा मिळत नाहीत. खोली सोडायची असेल तर तीन-चार आठवडे आधी गादीची तारीख घ्या, घरमालकालाही बहुधा महिनाभर आधी लेखी कळवावं लागतं.

खोली घेतानाचा हिशेबही आधीच मांडा. ६० हजार येन भाड्याच्या खोलीला शिकिकिन म्हणजे अनामत एक महिना, रेइकिन म्हणजे परत न मिळणारी रक्कम एक महिना, एजंटाचा एक महिना आणि वर कर, पहिलं भाडं, हमीदार कंपनीचं साधारण अर्धं भाडं, आगविमा, कुलूप बदलणं. तीन लाख येनच्या आसपास जातात. पहिलं वर्ष विद्यापीठाच्या वसतिगृहात काढावं हे माझं मत यासाठीच.

पोचल्यावर नव्या पत्त्यावर राहायला लागल्यापासून १४ दिवसांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा उरकून टाका. दवाखान्यात मग ३० टक्केच भरावे लागतात. उत्पन्न शून्य असलं तरी तसं लिहून द्या, नाहीतर हप्त्यात सवलत मिळत नाही. वय २० किंवा त्याहून जास्त असेल तर पेन्शनचा महिना १७-१८ हजार येनच्या आसपासचा हप्ता लागू होतो. विद्यार्थ्यांना तो पुढे ढकलायची सोय आहे, पण दरवर्षी अर्ज करावा लागतो. आलेला लिफाफा न उघडता ठेवणं ही सर्वांत महाग पडणारी सवय.

नावाचा घोळ मात्र खास आपला. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी लांबलचक ओळ, आणि बँकेच्या फॉर्मवर मोजके चौकोन. त्यात काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या काना लिपीत, 'ल', 'र' आणि 'ळ' तिघांना एकच अक्षर, त्यामुळे कुलकर्णीचं कुरुकारुनी होतं. 'व' कुणी 'वा' लिहितो, कुणी दुसऱ्या चिन्हाने. बँकेत एक, फोन कंपनीत दुसरं, पालिकेत तिसरं लिहिलं गेलं की खात्यातून पैसे वळते होत नाहीत आणि कारण कळायला महिना जातो. निघण्याआधीच काताकाना ठरवा, कागदावर लिहा, सगळीकडे तेच उतरवा.

काम करायचं तर आठवड्याला २८ तास ही कमाल मर्यादा, तीही दोन नोकऱ्यांची मिळून आणि कुठल्याही वारापासून सात दिवस मोजले तरी. लांब सुट्टीत दिवसाला ८ तास. परवानगी विमानतळावर पहिल्यांदा उतरतानाच मागता येते. पाचिंको (जुगारासारख्या खेळाचा अड्डा) किंवा होस्टेस बारमध्ये झाडू मारायचं कामही चालत नाही. "कुणाला कळतंय" म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. व्हिसा वाढवताना कराच्या दाखल्यावर उत्पन्न दिसतं आणि तासांचा हिशेब निघतो.

शाकाहारी मुलांसाठी दोन शब्द जास्त. "निकु नाशि", म्हणजे मांस नको, एवढं सांगून पुरत नाही. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवया, अंड्याचा रोल, भाज्यांचं शिजवलेलं निमोनो, सगळ्यात दाशि म्हणजे उकळून काढलेला रस्सा असतो आणि तो बहुतेकदा काट्सुओ माशाचा. बाजारातल्या करीच्या वड्यांत सहसा बीफ किंवा डुकराची चरबी असते, ब्रेडमध्येही लार्ड सापडतो. माशाचा दाशि चालतो की नाही हे आधी स्वतःशी ठरवा आणि मग पूर्ण वाक्य पाठ करा: "निकु तो साकाना गा ताबेरारेमासेन. काट्सुओ नो दाशि मो दामे देसु", म्हणजे 'मांस आणि मासे मला खाता येत नाहीत, काट्सुओचा दाशिही चालत नाही'. लॅबच्या नोमिकाईला, म्हणजे खाण्यापिण्याच्या पार्टीला, सहसा ठरलेला कोर्स आधीच मागवलेला असतो, माणशी तीन ते पाच हजार येन. हे वाक्य आयोजकाला आठवडाभर आधी सांगितलंत तर तो आनंदाने सोय करतो. ताटं समोर आल्यावर सांगितलंत तर त्याची मान खाली जाते, आणि तुम्ही उपाशी राहता ते वेगळंच. दारू नको असेल तर उलाँग चहा मागा, कुणी आग्रह करत नाही. वीस वर्षांखालच्यांना ती कायद्यानेच बंद आहे.

घरी स्वयंपाक सोपा आहे. तिथला आखूड चिकट तांदूळ वरण-भाताला इंद्रायणीसारखाच लागतो. तूरडाळ, जिरं, हळद टोकियोत शिन-ओकुबोला किंवा भारतीय वस्तीच्या निशि-कासाईत मिळते, कडधान्यं आणि मसाले ग्योमु सुपर या सुपरमार्केटमध्येही. फोडणी द्यायच्या आधी पंखा लावा, तेल तापल्यावर नाही. हिंगाचा वास एका खोलीच्या घरात पडद्यांत बसतो आणि खोली सोडताना सफाईच्या बिलात येऊ शकतो.

मोठ्या भूकंपानंतर गॅस बंद दिसला तर घाबरू नका. शिन्दो (हादऱ्याची तीव्रता मोजायची जपानी पट्टी) ५ च्या आसपास हादरा बसला की मीटर आपोआप बंद होतो. सगळी बटणं बंद करायची, मीटरवरचं बटण दाबून सोडायचं, तीन मिनिटं थांबायचं. वास येत असेल तर मात्र हात न लावता कंपनीला फोन.

सीनियरकडून सायकल घेतलीत तर चोरीविरोधी नोंदणी तुमच्या नावावर करून घ्या. पोलिस रस्त्यात सहज थांबवून नंबर तपासतात, आणि दुसऱ्याचं नाव निघालं की चौकीत अर्धा दिवस जाऊ शकतो.

तिथेच नोकरी हवी असेल तर दोन वर्षांच्या मास्टर्सचं पहिलं वर्षच नोकरी शोधण्याचं असतं. उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज मे-जूनमध्येच सुरू होतात, कंपन्यांची माहिती १ मार्चपासून, निवड १ जूनपासून, औपचारिक होकार १ ऑक्टोबरला, आणि प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या त्याहून आधी सुरुवात करतात. डिग्री हातात आल्यावर शोधू म्हणणाऱ्यांची गाडी सुटलेली असते. सेन्सेईंनाही पहिल्याच सत्रात सांगा, कारण मुलाखतींना जायला लॅबमधून वेळ त्यांनाच द्यायचा आहे.

आणि आई-बाबांसाठी: जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तुमची रात्रीची जेवणं उरकून ९ वाजता केलेला व्हिडिओ कॉल तिथे रात्री साडेबाराला, पातळ भिंतीच्या खोलीत वाजतो. संध्याकाळी साडेपाचला करा, तिथे ९ वाजलेले असतात.