‘ईमेल’चा शब्द आणि ‘ईमेल’चा शोध: एका फिरत्या संदेशाविषयी

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश अधूनमधून नव्याने येतो. मुंबईत जन्मलेल्या १४ वर्षांच्या मुलाने १९७८ मध्ये ईमेलचा शोध लावला, ‘ईमेल’ हा शब्दही त्यानेच घडवला आणि १९८२ मध्ये अमेरिकी सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केले, असा त्याचा आशय असतो. हा मुलगा म्हणजे शिवा अय्यादुराई. न्यू जर्सीतील एका वैद्यकीय शिक्षणसंस्थेसाठी त्यांनी कार्यालयीन टपालाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचे नाव ‘ईमेल’ ठेवले, इतके खरे आहे. त्या वयाच्या मानाने ते काम लहानही नव्हते. हरकत आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षांना.

पहिला मुद्दा शब्दाचा. इंग्रजीतल्या ‘मेल’चा मूळ अर्थ पत्र नव्हे, तर पिशवी; जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला, पिशवीवरून तिच्यातल्या पत्रांना लागला आणि पुढे ती पत्रे वाहणाऱ्या गाडीलाही, म्हणून तर आपण आजही ‘पंजाब मेल’ म्हणतो. ‘इलेक्ट्रॉनिक मेल’ हा जोडशब्द सत्तरच्या दशकात संगणकाच्या आणि टपालखात्याच्या वर्तुळांत सर्रास वापरात होता, आणि त्याचा पहिला शब्द आक्रसून ‘ई’ एवढाच उरला. छापील मजकुरात हे आखूड रूप १९७९ मध्ये सापडते, तेही अमेरिकी टपालखात्याच्या योजनेविषयीच्या बातमीत. १९७८ च्या प्रोग्रॅमचे नाव त्याआधीचे असेल, तर ते आखूड रूपाच्या सर्वांत जुन्या वापरांपैकी एक ठरेल, आणि एवढे श्रेय द्यायला कोणाची ना नसावी. पण नाव देणे आणि वस्तू घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांच्या नावावर सांगितला जातो. म्हणून ते पदच त्यांनी निर्माण केले, असे आपण म्हणत नाही. (आपल्याकडे ‘विपत्र’ असाही प्रतिशब्द निघाला. संस्कृतात त्याचा अर्थ ‘पाने नसलेला’ असाही होतो. कदाचित त्यामुळे नसेल, पण तो फारसा रुजला नाही.)

दुसरा मुद्दा शोधाचा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी १९६५ मध्येच ‘मेल’ नावाची आज्ञा (कमांड) लिहिली होती; तिने एकाच मोठ्या संगणकाचे वापरकर्ते परस्परांना निरोप ठेवू शकत. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप नेण्याची सोय रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूप असलेल्या संगणकजाळ्यावर, १९७१ मध्ये केली, आणि व्यक्तीचे नाव व तिच्या संगणकाचे नाव वेगळे ठेवण्यासाठी @ हे चिन्ह निवडले. अर्थात टॉमलिन्सन हेही एकटे जनक नव्हेत.

यावर अय्यादुराई यांच्या बाजूने असे उत्तर येते की, ते नुसते निरोप होते. ‘टू’, ‘सीसी’, ‘बीसीसी’, ‘सब्जेक्ट’ असे रकाने असलेली खरी ईमेल १९७८ चीच. हे रकाने मुळात टंकलिखित कार्यालयीन पत्रांतले. कार्बन पेपर घालून काढलेली प्रत ती ‘सीसी’. अर्पानेटच्या नोव्हेंबर १९७७ च्या प्रमाण-दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी ७३३ मध्ये, हे चारही रकाने नियमांसह दिलेले आहेत.

तिसरा मुद्दा सरकारी मान्यतेचा, आणि तो थोडक्यात संपतो. १९८२ मध्ये जे मिळाले ते कॉपीराइट, पेटंट नव्हे. कॉपीराइट त्या प्रोग्रॅमच्या लिखित मजकुराला संरक्षण देतो, त्यामागच्या कल्पनेला नाही. आणि ही कल्पना आधी कोणाला सुचली होती का, याची तपासणी कॉपीराइट कार्यालय करतच नाही. त्या काळी सॉफ्टवेअरला पेटंट मिळणे कठीण होते, हा त्यांच्या बाजूचा खुलासा खरा मानला तरी कॉपीराइटचा अर्थ त्याने बदलत नाही.

राहता राहिला भारतीय अभिमान. ईमेलच्या मथळ्यांचे, म्हणजे निरोपाच्या वरच्या रकान्यांचे, पहिले प्रमाण ठरवणारा आरएफसी ५६१ हा दस्तऐवज सप्टेंबर १९७३ चा आहे, आणि त्याच्या चार लेखकांत टॉमलिन्सन यांच्याबरोबर अभय भूषण हे नाव आहे. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी. संगणकांमधल्या फाइल-हस्तांतराचा प्रोटोकॉल (नियमसंच), एफटीपी, त्यांनी १९७१ मध्ये लिहिला होता, आणि अर्पानेटवरची टपाल पुढे अनेक वर्षे त्याच एफटीपीच्या आज्ञांवर धावत होती.