म्हैसूरला जायचंय? मग प्लॅन अजिबात करू नका

प्लॅनिंग वगैरे घाबरट लोकांचं काम. आपण शनिवारी रात्री पुण्यात टपरीवर चहा पीत असतो, कोणीतरी म्हणतं चल ना कुठंतरी, लोणावळा नको, महाबळेश्वर नको, आणि मग ज्याला गाडी चालवता येत नाही तो म्हणतो म्हैसूर. झालं, निघायचं. नऊशेच्या वर किलोमीटर आहे हे मॅपवर बघू नका, उगाच मूड जातो. चार्जर कोणाकडे तरी असतोच (नसतो).

वाटेत मनसोक्त थांबा. पहाटे चारला कोल्हापुरात पोचून मिसळवाला शटर उघडेपर्यंत गाडीत बसा, बेळगावात कुंदा घ्या, हुबळीच्या पुढं ड्रायव्हरला डुलकी यायला लागली की त्याच्यासोबत बाकीच्या चौघांनीही झाडाखाली पडी टाका, नाहीतरी रात्रभर तुम्हीच झोपलेले असता.

आता महत्त्वाचं. रविवारी संध्याकाळी 7 ला अख्खा राजवाडा जवळपास एक लाख बल्बांनी उजळतो आणि पावणेआठला विझतो. तुम्ही बरोब्बर पावणेआठलाच पार्किंग शोधत असाल. कमानीमागं सोनेरी काहीतरी दिसतं, मागच्या सीटवरून "अरे ते बघ" येतं, फोन बाहेर काढून कॅमेरा चालू होईपर्यंत एकदम काळोख. समोरून लोक पोरांना खांद्यावर घेऊन हसत परत येतायत, त्यांना विचारू नका कसं होतं. ते सांगतात.

रूम आधी बुक करायची नाही हे सांगायला नको. दसऱ्यात गेलात तर अजून मजा, 750 किलोची सोन्याची अंबारी बघायला सगळं जग तिथंच असतं आणि तुम्ही पाच जण एका गाडीत पाय दुमडून.

सकाळी मात्र राजवाडा आतून बघा. चपला बाहेर काढायला लागतात, आणि रात्रभर न काढलेले मोजे तिथं सगळ्यांसमोर काढायचा मान तुमचा. गाईड सांगतो, आधीचा लाकडी वाडा 1897 मध्ये राजकन्येच्या लग्नात जळाला, मग हेन्री आयर्विन नावाच्या ब्रिटिश आर्किटेक्टकडून हा बांधून घेतला, 1912 ला पूर्ण झाला, खर्च 41 लाखांच्या वर. म्हणजे पंधरा वर्षं. तुम्ही पंधरा मिनिटांत निघालात, कोण हुशार ते ठरवा. कल्याण मंडपात पोचलात की मान वर करा, छताला रंगीत काचेचे मोर आहेत, आणि खरं सांगतो, तिथं दोन मिनिटं आमच्यातलं कोणीच बोललं नाही, गाडी न चालवणारासुद्धा. तेवढं सोडलं तर बाकी वेळ मान खाली घालून ऑफिसला "ताप आहे" टाईप करा.

झू मंगळवारी बंद असतो, त्यामुळं तो मंगळवारवरच ढकला. म्हैसूर पाक घरच्यांसाठी म्हणून दोन किलो घ्या, तुमकूरपर्यंत अर्धा किलो उरतो.

आणि परत येताना चित्रदुर्गाजवळ तोच मागच्या सीटवरचा म्हणेल, अरे हंपी इथून दीडशेच आहे. लगेच इंडिकेटर द्या.