आयनांचा झोत धातूला तापवतोच

‘आयनांच्या झोताचा एक झटका दिला की कोणताही धातू न तापता आतपर्यंत कठीण होतो, मग तो झिजत नाही, गंजत नाही.’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. (आयन म्हणजे विद्युतभार असलेले अणू.) अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत आणि रशियात टोम्स्कला ज्या तंत्रावर वर्षानुवर्षे काम झाले, त्याची अशी ओळख करून दिलेली मला बोचते, कारण खरी गोष्ट याहून सुंदर आहे.

आधी ‘न तापता’. झोत दिल्यावर तुकडा हाताला गार लागतो, हे खरे. पण हिशेब करा. एका झटक्यात दर चौरस सेंटिमीटरला ३ जूल ऊर्जा पडली, तर १ सेंटिमीटर जाडीचे पोलाद सरासरी १ अंशही तापत नाही. मात्र ती ऊर्जा १०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागात येते आणि तेवढ्या वेळात उष्णता एक-दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली पोचतच नाही. म्हणून वरचा पापुद्रा चक्क वितळतो आणि खालचा थंड धातू त्याची उष्णता क्षणात ओढून घेतो. लोहार कोयत्याला पाणी पाजतो ना, तेच हे; फक्त पाण्याचे काम इथे तोच धातू करतो.

‘आयन आत घुसल्यामुळे कठीणपणा येतो’, असेही पुढे जोडलेले दिसते. ३०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे आयन धरले, तर ३ जूलमध्ये ते सुमारे ६० लाख कोटी भरतात. पण वरच्या एका मायक्रॉनमधले लोखंडाचे अणू मोजले, तर लाख अणूंमागे एक आयनही पडत नाही. आयन मिसळून धातूचे गुण बदलायची पद्धत वेगळी, तिला आयनरोपण म्हणतात; त्यात याच्या शेकडो-हजारो पट आयन लागतात. इथला कठीणपणा येतो तो वितळून झटकन थंड होण्यातून.

‘कोणताही धातू’ तर नाहीच. कार्बन असलेल्या पोलादात झटकन थंड होताना मार्टेन्साइट ही कठीण रचना तयार होते, म्हणून ते कठीण होते. शुद्ध तांब्यात ती सोयच नाही. उलट जास्त कार्बनच्या हत्यारी पोलादात कार्बाइडचे (कार्बनच्या संयुगाचे) कठीण कण विरघळून ऑस्टेनाइट ही पोलादाची मऊ रचना शिल्लक राहिली, तर पृष्ठभाग मऊही पडू शकतो.

‘आतपर्यंत’ म्हणजे किती? काही मायक्रॉन. केसाची जाडीही याच्या कितीतरी पट असते. हत्याराला पुन्हा धार लावली की थर गेला.

गंजाच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. वितळून लगेच गोठलेला थर एकजीव असेल, तर गंजायला वेळ लागतो. पण याच झोताने पृष्ठभागावर बारीक विवरे पडतात, कधी सूक्ष्म तडेही जातात, आणि गंज नेमका तिथून शिरतो.