सायक्स आडनावाचे सगळे एकाच बापाचे?

‘यॉर्कशायरचे सगळे सायक्स एकाच पुरुषाचे वंशज’ ही बातमी २००० साली इंग्लंडात गाजली. वंशावळीचा विषय निघाला की आजही कुणीतरी ती पुढे करतं. माझं मत विचाराल तर ती फार तर अर्धी खरी आहे.

सायक्स हे मूळचं वेस्ट यॉर्कशायरचं, हडर्सफील्डकडच्या डोंगराळ भागातलं आडनाव. ओढ्याकाठी राहणारा तो सायक्स, इतकं साधं. तिकडे ओढे पायलीला पन्नास. त्यामुळे तेराव्या-चौदाव्या शतकात आडनावं वंशपरंपरेनं चालू लागली, तेव्हा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक घरांना हे नाव चिकटलं असणार, असा सरळ कयास होता.

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन सायक्स यांनी तो तपासायचं ठरवलं. (स्वतःचंच आडनाव, उत्सुकता असणारच!) वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, इंग्रजी आडनावही तसंच. त्यांनी ४८ सायक्स पुरुषांचे नमुने तपासले आणि जवळजवळ निम्म्यांचा जनुकीय ठसा जुळला. म्हणून मूळपुरुष एकच.

इथेच माझं अडतं. एक तर वाय गुणसूत्रावरच्या तपासल्या चारच जनुकीय खुणा. दुसरं म्हणजे, सुरुवातीला सायक्सांची दहा घरं असली आणि त्यातली काही १३४८च्या प्लेगात गेली, काहींना मुलगेच झाले नाहीत, तर सातशे वर्षांनी एकाच घराचा वंश फोफावलेला दिसणार. एकानं सुरुवात केली आणि एकाचा वंश टिकला, या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

न जुळलेल्या निम्म्यांबद्दल तर पेपरवाले लगेच पणज्यांच्या चारित्र्यावर घसरतात. याचा मला राग येतो. दत्तक मुलगा, सावत्र बापाचं नाव लावणारा, लग्नाशिवाय जन्मल्यामुळे आईचं आडनाव मिळालेला, सासरची इस्टेट मिळावी म्हणून बायकोचं आडनाव घेतलेला जावई, हे सगळे त्याच निम्म्यांत येतात. ते काय खोटे सायक्स?

पुढे २००९मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावं तपासली. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेकांचा ठसा एक निघाला. स्मिथांमध्ये मात्र दोन स्मिथ म्हणजे रस्त्यावरची कुठलीही दोन माणसं! साहजिकच आहे, स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. अमेरिकेच्या २०१०च्या जनगणनेतच २४ लाखांवर स्मिथ भरले.

आपल्याकडे आलेला सायक्स म्हणजे कर्नल विल्यम हेन्री सायक्स. जन्म यॉर्कशायरात, ब्रॅडफर्डजवळ. १८२४मध्ये मुंबई सरकारनं त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं, आणि दख्खनची माणसं, पिकं मोजता मोजता त्यांनी पक्षीही नोंदवले. एका रातव्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी ‘महराट्टेन्सिस’ घातलं. ते त्या निम्म्यातले की उरलेल्यातले, यानं त्या कामाला काय फरक पडतो?

वंशावळीचा अभिमान मिरवणाऱ्यांनी इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याची गोष्ट जरूर वाचावी. २०१२मध्ये लेस्टरच्या कार पार्कखाली त्याचा सांगाडा सापडला. कागदोपत्री त्याच्याच पुरुषवंशातले म्हणवणाऱ्यांचं वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळलंच नाही. राजा ओळखला गेला तो बहिणीच्या लेकीबाळींकडून चालत आलेल्या डीएनएवरून, आणि त्या वाटेवर आडनाव तर दर पिढीला बदलत आलेलं.