‘भिंत धरून उतरा, श्वास रोखून वर या’: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

आमच्या ठाण्यातील सोसायटीतली पाच कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला निघाली आहेत. त्यांच्या व्हॉट्सॲप समूहावर गेल्या आठवड्यात एक संदेश आला आणि चार दिवसांत तोच संदेश घोडबंदर रस्त्यावरच्या दुसऱ्या संकुलातील मैत्रिणीकडून, एका मावसभावाकडून आणि कार्यालयातील सहकाऱ्याकडून पुन्हा माझ्यापर्यंत पोहोचला. संदेशाचा सारांश असा: “प्रवाळाच्या उभ्या भिंतीवरचा स्कूबा हा नवशिक्यांसाठी सर्वांत सोपा. पोहता येण्याची गरज नाही. पाठीवर ऑक्सिजनचे सिलिंडर असते, ते तासभर पुरते. भिंत धरून हळूहळू उतरायचे. पाणी काचेसारखे असल्यामुळे किती खोल आलो ते दिसतेच. पोवळे म्हणजे दगड, हात लावायला हरकत नाही. भीती वाटली तर मोठा श्वास घेऊन तो रोखायचा आणि सरळ वर यायचे. सकाळी डाइव्ह, दुपारी विमान, रात्री घरी.”

मी इन्स्ट्रक्टर नाही. नऊ वर्षे हौसेने डाइव्ह करणारी, आणि त्यातल्या एका डाइव्हमध्ये स्वतः चुकलेली अशी एक सामान्य व्यक्ती आहे. तरीही संदेशातील जवळजवळ प्रत्येक वाक्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण ‘श्वास रोखून वर या’ हे त्यातले वाक्य शब्दशः पाळणारा माणूस धडधाकट असूनही जीव गमावू शकतो.

पोहण्याविषयीचे विधान अर्धे खरे आहे. तारकर्ली-मालवणला किंवा अंदमानात पर्यटकांना जो अनुभव दिला जातो, त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून काही मीटर खाली नेतो, तुमच्या अंगातील फुगवता येणाऱ्या जॅकेटमधील हवा तोच कमी-जास्त करतो आणि तुम्ही फक्त श्वास घेत मासे पाहता. त्यासाठी पोहणे येण्याची अट नसते आणि त्याची मर्यादा फार तर १२ मीटर असते. स्वतः डायव्हर होण्यासाठीच्या प्राथमिक प्रमाणपत्राला मात्र न थांबता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगत राहणे ही परीक्षा द्यावी लागते, आणि ते प्रमाणपत्र मिळाल्यावरही १८ मीटरपर्यंतच जाण्याची शिफारस असते. संदेशाने पहिल्या प्रकारची सवलत उचलून दुसऱ्या प्रकारच्या डाइव्हला चिकटवली आहे.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हा समज इतका रुजला आहे की वर्तमानपत्रांतील बातम्यांतही तो आढळतो. प्रत्यक्षात तिथे आपण रोज घेतो तीच हवा असते, सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतांश नायट्रोजन, फक्त गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपेक्षा खोल घेतला तर तो मज्जासंस्थेला विषासारखा ठरू शकतो. पाण्याखाली आकडी येऊन तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडापर्यंत पुरवणारे साधन, सुटला की पुढे काय होते ते सांगायला नको. ‘तासभर पुरते’ हेही खोलीवर अवलंबून आहे. ११ लिटरच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते. त्यातली ५० बार परतीसाठी राखली, तर वापरायला १,६५० लिटर उरते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस १० मीटरवर ४० लिटर घेतो, कारण तिथे दाब दुप्पट असतो, आणि ३० मीटरवर ८० लिटर. म्हणजे तेच सिलिंडर १० मीटरवर चाळीसेक मिनिटे आणि ३० मीटरवर जेमतेम वीस मिनिटे चालते. हा हिशेब शांतपणे श्वास घेणाऱ्याचा आहे. घाबरलेल्याचा वेगळा मांडावा लागेल.

आता भिंतीकडे येऊ, कारण ‘सर्वांत सोपा’ हे विशेषण तिलाच लावले आहे. स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, जेटीजवळच ‘द वॉल’ नावाची डाइव्हची जागा आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या पाच कुटुंबांसाठी निव्वळ पुस्तकी नाही. जगातल्या काही भिंती तर छाती दडपून टाकणाऱ्या आहेत. मलेशियातील सिपादान बेट समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर उठलेले आहे आणि किनाऱ्यावरून थोडेसे पोहत गेले की पायाखालची जमीन संपते. ठाण्यातल्या माणसाला कल्पना यावी म्हणून सांगते: तीस मजली टॉवरच्या कठडा नसलेल्या गच्चीच्या कडेबाहेर आपण तरंगत आहोत, आणि खाली रस्ता दिसण्याऐवजी फक्त गडद होत जाणारा निळा रंग आहे.

वाळूचा तळ असलेल्या उथळ जागी नवशिक्याची चूक तळ सावरून घेतो. माणूस जड झाला तर वाळूवर टेकतो आणि फार तर गाळ उडतो. भिंतीवर असे टेकायला काहीच नसते. शिवाय जड होण्याची क्रिया स्वतःच वेग घेते: खाली जाताना वेटसूटच्या, म्हणजे अंगातल्या रबरी पोशाखाच्या, थरातील बुडबुडे आणि जॅकेटमधील हवा दाबाने आकसते, त्यामुळे तरंगण्याची शक्ती कमी होते, त्यामुळे माणूस आणखी खाली जातो आणि हवा आणखी आकसते. हे वेळीच ओळखून जॅकेटमध्ये थोडी हवा भरणे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. प्रवाहाचे वेगळेच. आडवा येणारा प्रवाह भिंतीवर आपटला की वर किंवा खाली वळू शकतो. आपल्या तोंडातून सुटलेले बुडबुडे वर जाण्याऐवजी घुटमळू लागले किंवा खाली निघाले, तर ती खाली नेणारी ओढ आहे हे जाणकाराला कळते. पहिल्यांदाच उतरलेल्याला ते गमतीचे दृश्य वाटेल.

पाणी काचेसारखे असल्यामुळे खोली ‘दिसते’ हे विधान मला सर्वांत भोळे वाटते, आणि याच भोळेपणाची किंमत मी चुकवता चुकवता वाचले. ठाण्याच्या खाडीत हात बुडवला तर स्वतःची बोटे दिसत नाहीत. असे पाणी पाहत वाढलेल्या आपल्याला तीस मीटर आरपार दिसणाऱ्या पाण्याची भुरळ पडते. पण स्वच्छ पाण्यात खोल जागाही उजळ असते आणि वरची नाव हाकेच्या अंतरावर वाटते. मास्कमधील हवेमुळे वस्तू एक चतुर्थांशाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच फिका पडतो, पण डोळा त्याला इतका सरावतो की बदल जाणवत नाही. इंडोनेशियातील बुनाकेनला आमची ठरलेली खोली १८ मीटर होती. भिंतीलगत सावकाश उतरणाऱ्या एका कासवाच्या मागे मी गेले आणि सोबतिणीने सिलिंडरवर धातूची कांडी ठोकली तेव्हा खोली दाखवणारे गेज पाहिले. आकडा २६ होता. आठ मीटर, म्हणजे जवळपास तीन मजले मी उतरले होते आणि मला त्यातला एक मजलाही कळला नव्हता. चूक पूर्णपणे माझी होती. खोली कळते ती गेजवर, डोळ्यांना नाही. आणि ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू लागते, तेव्हा तर गेज वाचणाऱ्या डोक्याचाही भरवसा राहत नाही.

‘भिंत धरून’ या शब्दांना दोन उत्तरे आहेत. पहिले स्वार्थाचे: प्रवाळभिंतीवर फायर कोरल असते, त्याच्या नुसत्या स्पर्शाने कातडी भाजल्यासारखी होते, कपारीत समुद्री साळिंदरांचे काटे असतात, आणि विषारी काट्यांचे स्कॉर्पियनफिश तर असे बेमालूम बसलेले असतात की तुम्ही आधारासाठी निवडलेला खडबडीत उंचवटाच मासा निघू शकतो. दुसरे उत्तर ‘पोवळे म्हणजे दगड’ या विधानाला. दगड हे त्याचे घर आहे. राहणारा जीव प्राणी आहे. पॉलिप नावाचे हे इवले प्राणी चुन्याचा सांगाडा बांधतात आणि त्यांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवतात. हात किंवा पायातला फिन (पोहण्याचा रबरी पंखा) घासला की वरचा जिवंत थर खरवडला जातो. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण अर्धा ते दोन सेंटिमीटर वाढतात. वर्षाला एक सेंटिमीटर धरला, तर पावणेदोन मीटर उंचीच्या प्रवाळाने वाढायला सुरुवात केली तेव्हा बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी यायची होती किंवा नुकतीच आली होती. कायद्याचेही एक वाक्य: खडक बांधणारे सर्व प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा पिशवीत टाकणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते.

संदेशात कानांचा उल्लेखच नाही, हे आश्चर्य आहे, कारण नवशिक्याला पहिला त्रास तिथेच होतो. पहिल्या १० मीटरांत दाब दुप्पट होतो, म्हणून नाक चिमटीत धरून हळुवार फुंकत कान मोकळे करायचे ते सुरुवातीपासूनच, दुखायच्या आधी. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

मोठा श्वास घेऊन तो रोखून वर यावे, हा सल्ला कुठून आला असावा याचा मी विचार केला. नाकतोंड बंद करून डुबकी मारणारे श्वास रोखतातच, आणि त्यांना ते चालते. त्यांनी छातीत भरलेली हवा पृष्ठभागावरची असते. खाली जाताना ती आकसते आणि वर येताना मूळ आकाराला परतते, त्याहून मोठी होत नाही. स्कूबात गणित उलटे आहे. १० मीटरवर रेग्युलेटर तुम्हाला त्या खोलीच्या, म्हणजे दुप्पट दाबाची हवा देतो. तिथे फुप्फुसे पूर्ण भरून, घसा मिटून तुम्ही वर निघालात, तर तीच हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागते. रॉबर्ट बॉइलचा १६६२ चा हा नियम आपण शाळेत पाठ केला होता. माळशेज घाटात वेफर्सचे बंद पाकीट फुग्यासारखे टम्म होते ते सर्वांनी पाहिले आहे. तिथे हवेचा दाब फार तर आठ टक्क्यांनी उतरलेला असतो. इथे तो निम्म्यावर येतो, आणि पाकिटाच्या जागी फुप्फुस असते. ते फाटले की हवा छातीच्या पोकळीत शिरते किंवा रक्तात शिरून मेंदूकडे जाते. यासाठी फार खोली लागते असेही नाही. छाती पूर्ण भरलेली असताना पृष्ठभागाजवळचे दीड मीटरही इजा करू शकतात, म्हणून तरणतलावातल्या सरावातसुद्धा पहिला नियम हाच शिकवला जातो: श्वास कधीही रोखायचा नाही. हवा संपून खरोखर तातडीने वर यावेच लागले, तर तोंडाने ‘आऽऽ’ असा आवाज करत, हवा सतत बाहेर सोडत यायचे.

आणि ‘सरळ वर’ही नाही. मिनिटाला ९ मीटर हा सावध वेग मानतात, आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबतात. भिंतीवर हे थांबणे सुखाचे असते, कारण भिंतीचा माथा बहुधा त्याच सुमाराला असतो आणि सर्वांत रंगीत मासळीही तिथेच फिरते. घाईने वर येणारा तेवढ्या सुखालाही मुकतो.

राहिले दुपारचे विमान. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन वर आल्यावर तासन् तास हळूहळू बाहेर पडत असतो. विमानाच्या केबिनमधील दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो, आणि उरलेल्या नायट्रोजनचे तेव्हा सोडावॉटरसारखे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या किंवा अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. ठाणेकरांसाठी यात एक पोटकलम जोडते, कारण आपल्याकडील पुष्कळ जण मालवणहून गाडीनेच परततात. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटर उंच आहे. खोल किंवा अनेक डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून कोल्हापूरमार्गे येणे हे लहानशा विमानप्रवासासारखेच आहे. रात्र किनाऱ्यावर काढावी, किंवा निदान कोकणातल्या रस्त्याने यावे.

आमच्या पाच कुटुंबांनी बेत बदलला आहे. स्वराज द्वीप आधी, डाइव्ह पहिल्या दोन दिवसांत, तोही १२ मीटरच्या आत आणि वाळूचा तळ असलेल्या जागी. सेल्युलर जेल शेवटच्या दिवसासाठी ठेवले आहे. दोन मुलांनी प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करायचे ठरवले आहे, म्हणून सध्या ती रोज सकाळी तरणतलावात २०० मीटरची तयारी करत आहेत. भिंत त्यांना पुढच्या खेपेला दिसेल.